फोटोतल्या बाईचे केस

माझ्या बायकोचं डोकं शेवटच्या संध्याकाळी डावीकडून कुरळं आणि उजवीकडून सरळ होतं. यात माझा दोष नाही. दोष द्यायचाच असेल तर तुमसरचा एक फोटोवाला, तिथलीच एक पार्लरवाली पोरगी आणि ऑस्ट्रेलियातला एक साहेब, ज्याला मी कधी पाहिलं नाही, अशा तिघांत वाटून द्या.

ती अंगणात पाटावर बसली होती. मागं स्टुलावर मी, हातात कपडे कापायची मोठी कात्री. खालचे सरळ केस कापून टाकायचे आणि वरचे कुरळे ठेवायचे, एवढंच काम. डावी बाजू झाली. उजवीला हात घालतो, तोच शेजारी डोमाजीच्या घरी तुळशीजवळ दिवा लागला आणि ही उठून उभी.

"रायलेलं उद्या सकाळी. दिवा लागल्यावर केसाले कात्री लावत नाई."

"अवो, असं अर्धं डोकं घेऊन झोपशील का?"

"झोपल्यावर कोण पायते? तुमीच ना? तुमी आजपर्यंत कोणतं मोठं पाह्यलं!"

अशी ती पार्बता. आमच्या गावात, बपेऱ्यात, तिला ओळखत नाही असा माणूस नाही. तुम्ही ओळखत नाही, म्हणून सांगतो.

पार्बताचे केस कुरळे होते, असं म्हटलं तर कमी सांगितल्यासारखं होईल. कुरळे केस दुसऱ्या बायांचेही असतात. हिचे केस स्वतःच्या मर्जीचे होते. आमच्या लग्नात बाशिंग बांधलं तर ते कपाळावर बसेना, केसांवर तरंगत राहिलं. तिच्या मामानं मागून धरून ठेवलं, तेव्हा कुठं अक्षता पडल्या. कंगवा घातला की दात तुटायचे, कंगव्याचे. मळणीच्या दिवसांत खळ्यावरून घरी आली की केसांत धान अडकलेलं असायचं आणि कोंबड्या तिच्या मागं मागं. ती ओट्यावर बसली की एखादी खांद्यावर चढून डोक्यात टोचायला लागायची. ही तिला हाकलायची नाही.

"खाऊ द्या बापा. तिचं पोट भरते अन् माहं डोकं साफ होते."

बाई भित्री नव्हती. मिलवर धान नेलं की काट्याजवळ ती उभी राहायची, मी नाही. तोलणाऱ्या पोरानं पोत्याखाली हळूच पाय लावून वजन उचललं, तर सगळ्यांसमोर म्हणायची, "पाय काढ बाबू. पोतं पडत नाई." सरपंचाला तिनं एकदा भर सभेत खाली बसवलं होतं. अशी बाई आयुष्यात एकाच माणसाला भ्याली, आणि तो माणूस समुद्रापलीकडं विमानतळावर पासपोर्ट तपासत बसला होता.

झालं असं की आमची एकुलती एक पोरगी वंदना नवऱ्यासोबत ऑस्ट्रेलियात राहते. लग्नानंतर खूप वर्षांनी तिला दिवस गेले. फोनवर रडली. बाळंतपणाला माय पाहिजे म्हणाली. मग मला म्हणाली, "बाबा, तुमीबी या ना." मी म्हटलं, "नाई बापा. म्हैस कोण पाहील? धानाच्या रोवण्याच्या वेळी बांधीत कोण उभं राहील?"

आता खरं सांगतो. माणूस एकदा नाही म्हणतो ते दुसऱ्यांदा विचारावं म्हणून. मला दुसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही. मायलेकी लगेच थंडीच्या कपड्यांवर बोलायला लागल्या. तिथून माझं पोट जे दुखायला लागलं ते बरेच महिने दुखलं.

पासपोर्टसाठी फोटो काढायला आम्ही तुमसरला गेलो. फोटोवाल्यानं पार्बताला खुर्चीवर बसवलं, यंत्रातून पाहिलं, आणि बाहेर येऊन म्हणाला, "काकी, कान दिसले पायजे."

"कान आहेत ना. मले ऐकू येते."

"मले दिसले पायजे. अन् हे केस फोटोच्या बाहेर जाऊन रायले."

त्यानं आपल्या बायकोला हाक मारली. ती तेल, पाण्याचा तांब्या आणि मूठभर पिना घेऊन आली. दोघांनी मिळून, ओलं धोतर पिळावं तसे हिचे केस मागं ओढले. फोटोवाल्याची बायको खुर्चीच्या मागं खाली बसून दोन्ही हातांनी ते धरून राहिली, आणि त्यानं फोटो काढला.

फोटोत एक बाई आली. चपटं डोकं, सरळ भांग, ओढल्यामुळं डोळे ताणलेले. तहसीलात दाखले देणारी बाई असते तशी. पोस्टमन पासपोर्ट घेऊन आला, तेव्हा पार्बतानं तो उघडला, पाहिला आणि मला विचारलं, "ही कोण बाई आहे?"

"तू."

"मी नोहे. सायेबानं इचारलं तं काय सांगू?"

त्या दिवशी हे वाक्य घरात शिरलं आणि मग गेलं नाही. पोस्टमन निघाला होता, त्याला तिनं थांबवलं. पासपोर्ट आपल्या गालाजवळ धरला आणि म्हणाली, "सांग बाबू, ओळखू येते का?"

"काकी, सही करा. मले पुढं जाचं आहे."

"आधी ओळख, मंग सही."

नंतर तिनं दूधवाल्याला विचारलं, अंगणवाडीच्या बाईला विचारलं, रस्ता चुकून मध्य प्रदेशातून आलेल्या एका भांडीवाल्यालाही विचारलं. त्यानं भीतीनं होय म्हटलं आणि सायकल काढली. डोमाजी तेवढा खरं बोलला. त्यानं चष्मा लावला, फोटोकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा फोटोकडं पाहिलं. म्हणाला, "नाक तं तुमचंच आहे, वहिनी. बाकीचं सायेब काय म्हणते ते पाहा लागन."

तिथं सगळं संपलं. वंदनानं फोनवर किती समजावलं. "आई, तिथं मशीनवर बोटं ठेवते. केस कोणी पायत नाई."

"बोटं कोणाचीबी असू शकते. सायेब तोंडच पायते."

"मंग दुसरा फोटो काढ."

"एकदा सरकारले दिला तो दिला. आता फोटो बदलत नाई, मीच बदलतो."

आणि बदलायला लागली. पहिल्यांदा तेलपाणी. सकाळी चोपडायची, दुपारी केस पुन्हा वर. मग मेथी वाटून लावली. मग अंडं लावलं. दोन दिवस मी तिच्याजवळ बसलो नाही. मग कोणीतरी सांगितलं की भाताची पेज लावा, केस ताठ राहतात. हे मलाही पटलं, कारण धोतराला आम्ही खळ देतोच. तिनं घट्ट पेज काढली, केसांना लावली, पाठीवर सोडून उन्हात बसली. केस खरंच ताठ झाले. फळीसारखे. मग ती तशीच गोठ्यात शेण काढायला वाकली, आणि म्हशीच्या वगारीनं मागून येऊन ते सगळे चाटून काढले. मी दारात उभा राहून हसलो. ती त्या वगारीला शिव्या देत होती आणि वगार जीभ फिरवून अजून मागत होती.

शेवटी तिनं इस्त्री आणली. टेबलावर डोकं आडवं ठेवलं, केस पसरले, वर जुना पेपर ठेवला आणि म्हणाली, "चालवा."

"कान भाजन."

"तुमी धोतर भाजत नाई, कान काहून भाजान? चालवा म्हणतो ना."

चालवली. खूर जळल्यासारखा वास आला आणि एक बट कढईतल्या कुरडईसारखी फुलली. मी इस्त्रीचा पिन काढला आणि सांगितलं, आता मला मारून टाक, पण मी हे करत नाही. तेव्हा डोमाजीच्या सुनेनं तुमसरच्या पार्लरचं नाव सांगितलं. तिथं म्हणे औषधानं केस कायमचे सरळ करतात.

जायच्या आठवड्यात आम्ही तिथं गेलो. मला बाहेर स्टुलावर बसवलं. आतून असा वास येत होता की खत फवारल्याचं वाटावं. माझं दुपारचं जेवण झालं, चहा झाला, समोरच्या पानठेल्यावाल्याशी ओळख होऊन भांडणही झालं, तरी हिचा पत्ता नाही. उन्हं उतरली तेव्हा दारातून एक बाई निघाली. पाठीवर सरळ काळेभोर केस, भुवया कोरलेल्या. मी पाय आवरून तिला वाट दिली आणि पुन्हा आत पाहत बसलो.

ती बाई माझ्यासमोर उभी राहिली. "चाला ना जी. बस जाईन."

मी तोंड उघडं ठेवून पाहत राहिलो. ती टाळी वाजवून हसली.

"तुमी नाई ओळखलं ना? मंग झालं! आता सायेब बराबर ओळखन."

हे तिचं गणित. मी विचार केला तर मला त्यात चूक सापडेना, म्हणून अजूनच राग आला.

बसमध्ये गर्दी होती. एक पोरगा उठला आणि मला म्हणाला, "बसा आजोबा." हिच्यासाठी कोणी उठलं नाही. कंडक्टर आला. माझं तिकीट फाडत म्हणाला, "बाबा, लेकीले तिकडं बायांच्या बाजूले उभं करा, इकडं धक्के लागते." लेकीले! मी पार्बताकडं पाहिलं. ती खिडकीतून बाहेर पाहत होती, पण तिचे खांदे हलत होते. भुवया त्या पोरीनं अशा वर नेल्या होत्या की बायको सारखी नवल करत असल्यासारखी दिसे. "मी तिचा नवरा आहे," मी म्हटलं. कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. म्हणाला, "असन."

पार्लरवाल्या पोरीनं तीन दिवसांचे नियम दिले होते. पाणी लावायचं नाही. बांधायचे नाहीत. कानामागं घ्यायचे नाहीत. डोक्यावर पदर नाही. चुलीजवळ जायचं नाही, वाफ लागते. म्हणजे पार्बता ओट्यावर खुर्ची टाकून पाहुणीसारखी बसली, आणि पेज, भाजी, शेण, पाणी सगळं माझ्याकडं. रात्री ती पाठीवर सरळ झोपायची, प्रेतासारखी, केस उशीवरून खाली सोडून. मी कूस बदलली तरी ओरडायची, "हालू नका! केस हालते."

गावाचं तर काय सांगू. जिच्याकडं कोणी मान वर करून पाहत नव्हतं, तिच्यासाठी माणसं आमच्या दारावरून दोनदा जायला लागली. डोमाजी एका दिवसात कुदळ मागायला आला, कुदळ परत द्यायला आला, आणि मग कुदळ आपल्याकडंच राहिली का ते पाहायला आला.

"वहिनी, वयानं लहान झाल्या तुमी," त्यानं म्हटलं.

"अन् मी?" मी म्हटलं.

"तू होता तसाच आहेस गा," तो म्हणाला, आणि माझ्या टकलाकडं पाहून त्यानं असा सुस्कारा टाकला की हातात कुदळ असती तर त्याच्या पायावर पडली असती.

मी जळत होतो. खोटं कशाला बोलू. डोमाजीवर जळत होतो, कंडक्टरवर जळत होतो, न जन्मलेल्या नातवंडावर जळत होतो. सगळ्यात जास्त त्या साहेबावर. माझ्यासाठी बाईनं कधी भांग सरळ पाडला नाही, आणि कोणता कुठला साहेब, त्यानं आपल्याला पाहावं म्हणून ही तीन दिवस मान हलवत नाही.

सामान बांधताना तेच. आंब्याचं लोणचं ठेवलं, काढलं. "सायेबानं इचारलं तं?" तिखट ठेवलं, काढलं. "सायेबानं इचारलं तं?" शेवटी घरचा तांदूळही काढला. मी म्हटलं, "साहेबासाठी एक पोतं भरून ने, मग काही विचारणार नाही." ती हसली नाही. खरंच घाबरली होती.

नागपूरच्या विमानतळावर वंदनानं चाकाच्या खुर्चीची सोय करून ठेवली होती. जिनं सगळं आयुष्य डोक्यावर धानाचे भारे वाहिले ती बाई खुर्चीत बसली, मागून एक टाय लावलेला पोरगा ढकलत चालला, आणि खुर्चीच्या पाठीवर ते सरळ केस झुलत होते. मी काचेबाहेर. मला वाटलं आता वळेल. आता हात करेल. ती गेली, दिसेनाशी झाली, पण वळून पाहिलं नाही.

नाही पाहिलं! घरी येईपर्यंत मी बसमध्ये तेच घोळत होतो. म्हशीलाही सांगितलं.

तिकडं नात झाली. फोनवर तोंड दिसायचं. मागं पांढरं स्वयंपाकघर, पार्बताच्या अंगावर स्वेटर, मांडीवर पोरगी. पोरीचं डोकं कुरळं. "पाहा जी, माह्यावर गेली!" ती ओरडायची आणि बाळाचं डोकं फोनजवळ आणायची. बाळ तिचे केस ओढायचं. केस सरळच. महिने गेले तरी सरळच. मी मनात म्हणायचो, वा. तिकडं रोज नटणं चाललं आहे. इथं होती तेव्हा वेणीचा पत्ता नसायचा.

एकदा वंदना म्हणाली, "बाबा, आईले अजून थोडे दिवस ठेवून घेऊ का? व्हिसा वाढवता येते म्हणते."

मी म्हटलं, "ठेवा. मले काय. मी अन् म्हैस आहो मजेत." आणि फोन डोमाजीच्या नातवाकडं दिला, कारण तो बंद कसा करायचा ते मला येत नाही. पार्बता काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. तिला राहायचं होतं का? हे एकच मला जाणून घ्यायचं होतं, आणि हेच मी विचारणार नव्हतो. माणसानं विचारलं आणि समोरच्यानं होय म्हटलं, तर मग कुठं जायचं?

ती ठरल्या दिवशीच आली. विमानतळावर सरळ केस घेऊन आली. घरी पोचली, बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर, गेली, डोक्यावरून पाणी घेतलं, आणि आठ दिवसांत तिचं खरं रूप वर यायला लागलं. मुळाजवळ कुरळं, खाली सरळ, मध्ये पुसट रेघ. शेतात बांध घालावा तशी. जितकी तिकडं राहिली तितकं वर कुरळं होतं. तिकडं दडवून ठेवलेलं आता उघडं पडलं होतं. पाहुणे हसायचे. ती पाहुण्यांसोबत हसायची. मी हसत नव्हतो. माझं म्हणणं, त्यांच्यासाठी नटली आणि आमच्याकडं येताच सोडून दिलं. मी एकदा बोललोही.

"पार्लरात जा ना पुन्हा."

"आता कायले?"

"का? तिकडं पाहिजे होतं, इथं नको?"

"हो," ती म्हणाली. "इथं कायले पायजे?"

हे ऐकून मी दिवसभर बांधीवर जाऊन बसलो.

तर ती शेवटची संध्याकाळ. कात्री तिनंच हातात दिली. सरळ केस कापून टाका म्हणाली, कोंबड्या ओळखत नाहीत. मी डावीकडून सुरू केलं. केस कानामागं घेतले तर कानाच्या वरच्या काठावर डाग दिसले. तपकिरी, एकाखाली एक. मानेवरही होते. मी बोट लावलं तर तिनं मान झटकली.

"हे काय?"

"काई नाई. वंदीच्या घरी केस सरळ करायची मशीन आहे, चिमट्यासारखी. लय गरम होते. दर ऐतवारी लागे."

"दर ऐतवारी? कायले? सायेबाचं तं जातानाच झालं होतं. त्यानं तुले सोडलं."

"जाताना!" ती म्हणाली. "जाताचं भेव कोणाले होतं? जाताना सायेबानं म्हटलं अस्तं का ही बाई फोटोतली नोहे, तं बस धरून घरी आली अस्ती मी. इतलंच. येतानी म्हटलं अस्तं तं? तं मी कुठं गेली अस्ती? तिकडंच रायली अस्ती जन्मभर, अन् तुमी इकडं कच्चा भात खात बसले अस्ते."

माझा हात थांबला.

"वळूनबी नाई पाह्यलं तू," मी म्हटलं. मला हे म्हणायचं नव्हतं, पण तेच निघालं. "नागपूरले. खुर्चीतून."

"मान वळवली अस्ती तं केस इस्कटले अस्ते," ती म्हणाली. "तिथंबी पासपोर्ट पायणारा एक सायेब समोरच बसून होता."

मी पुन्हा कात्री चालवली. सरळ केस खाली पडत होते आणि वरचे कुरळे मोकळे होऊन कानापाशी गोळा होत होते. एक कोंबडी आली, पडलेल्या केसांत टोचून पाहिलं, दाणा नाही म्हणून निघून गेली.

"वंदी म्हणे राहा," ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं. "मी म्हटलं, बाई, तुह्या बाबाले फोन बंद करता येत नाई. त्याइले असं कसं सोडू?"

डावी बाजू झाली. डोमाजीकडं दिवा लागला, आणि ती उठली, ते तुम्हाला सांगितलंच आहे.

सकाळी ती उठली नाही. मी चहा ठेवला, हाक मारली, पुन्हा मारली. डॉक्टर आले, झोपेतच गेली म्हणाले. डोमाजीनं वंदनाला फोन लावला. दारात माणसं जमायला लागली. डोमाजीची बायको आणि दोन-तीन बाया आंघोळ घालायला पाणी तापवून आत आल्या. तेव्हा मी कोनाड्यातून कात्री काढली होती आणि तिच्या उशाशी बसलो होतो.

डोमाजीची बायको म्हणाली, "भाऊजी, ठेवा ती. आता कायले?"

मी म्हटलं, "सकाळी करू म्हणाली होती."

त्या बाजूला सरकल्या. बाहेर कोणीतरी विचारत होतं, आत काय चाललं आहे, उशीर होतो. मी उजवीकडचे केस हातात घेतले. सरळ, जड, माझ्या ओळखीचे नव्हते ते. रेघेपर्यंत आलो आणि कापले. अजून एक बट, अजून एक. कापलं की वरचं कुरळं आपोआप आखडून वर जायचं, जागेवर जाऊन बसायचं. मी घाई केली नाही.

"सायेबानं इचारलं तं?" मी त्या बायांना म्हटलं. "ओळखू याले पायजे ना."

मग शेवटची बट कापली, आणि मागं सरकून पाहिलं. ती होती.